जुन्या नायकांचे देणे

पावसामुळे त्या दिवशी वर्गात निम्मीच मुले होती. शिकवून उपयोग नव्हता, म्हणून आठवीच्या मुलांना संगणकावर एका इंग्रजी साहसपटाचा काही भाग दाखवला. 1981 सालचा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'. कैरोच्या बाजारात काळ्या पोशाखातला एक तलवारबाज नायकापुढे येतो, तलवार गरगर फिरवून दाखवतो. नायक इंडियाना जोन्स कंटाळलेल्या चेहऱ्याने पिस्तूल काढतो आणि त्याला गोळी घालतो. वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. तास संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, उस तलवारवाले का नाम क्या था?"

मला उत्तर देता आले नाही. त्याला नावच नव्हते. तो मरण्यापुरता आला होता.

इंडियाना जोन्स हा काही जुन्या कादंबरीतला नायक नव्हे. जॉर्ज लुकास आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी जुन्या साहसमालिकांच्या आठवणीतून तो घडवला. त्या मालिकांच्याही मागे अमेरिकेतली स्वस्त मासिके होती. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरखरीत कागदावर ती छापली जात, म्हणून त्यांना 'पल्प' हे नाव पडले. एडगर राइस बरोज यांचे जॉन कार्टर आणि टारझन हे दोन्ही नायक 1912 साली अशाच एका मासिकातून पुढे आले. जॉन्स्टन मॅककली यांचा झोरो 1919 सालचा. शंभर वर्षे उलटली तरी हॉलिवुड त्यांना विसरायला तयार नाही. कारण सरळ आहे. नव्या नायकाची ओळख करून द्यायला पैसा लागतो, जुन्याचे नाव आधीच घराघरांत पोचलेले असते. एक चित्रपट चालला की त्यामागून दुसरा, तिसरा काढता येतो. हा हिशेब नेहमी जमतोच असे नाही. 2012 साली 'जॉन कार्टर' असा कोसळला की डिस्नेने सुमारे वीस कोटी डॉलर्सचा तोटा होईल असे जाहीर केले.

पण माझा प्रश्न धंद्याचा नाही. जुना नायक परत आणणाऱ्याला त्याची फक्त कीर्तीच घेता येते का? आमच्याकडे मयताच्या मालमत्तेची वाटणी करण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते. देणे फिटल्याशिवाय वारसांचा हक्क सुरू होत नाही. कथेच्या वारशाला हाच नियम लावला तर काय होईल?

टारझनचेच घ्या. बरोज कधी आफ्रिकेत गेले नव्हते. मासिकात छापताना त्यांनी आफ्रिकेच्या जंगलात वाघ घातला होता. आफ्रिकेत वाघ नसतो हे ध्यानात आल्यावर 1914 च्या पुस्तकात त्या वाघाची सिंहीण झाली. जनावराची चूक दोन वर्षांत दुरुस्त झाली. माणसांविषयीच्या चुका मात्र तशाच राहिल्या. त्या कादंबरीत काळ्या माणसांची गावे आहेत ती टारझनने लुटायला आणि घाबरवायला. त्यांना मारल्याचा त्याला पश्चात्ताप नाही, उलट अभिमान आहे.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते, "काळच तसा होता." मला हे उत्तर पटत नाही. कारण त्याच काळात दुसरे डोळेही उघडे होते. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हे कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकार 1890 साली काँगोत गेले. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राज्यात तिथल्या लोकांवर काय जुलूम चालला आहे ते त्यांनी पाहिले आणि थेट राजालाच जाहीर पत्र लिहिले. टारझन छापून यायच्या बावीस वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे काळ आंधळा नव्हता. काहींनी पाहिले, काहींनी पाहायचे टाळले.

2016 साली डेव्हिड येट्स यांनी 'द लेजंड ऑफ टारझन' काढला, तेव्हा त्यांनी याच विल्यम्सना कथेत आणले. सॅम्युअल जॅक्सन यांनी ती भूमिका केली. पण मला त्याहून मोठा वाटतो तो म्बोंगाचा प्रसंग. टारझनला वाढवणाऱ्या वानरमातेला म्बोंगाच्या मुलाने मारले होते आणि टारझनने त्या मुलाला. कादंबरीत तो सूड म्हणजे नायकाचा पराक्रम. चित्रपटात म्बोंगा समोर उभा राहून जाब विचारतो की माझे पोर लहान होते, तुझी इभ्रत तेव्हा कुठे होती? आणि टारझनकडे बचाव नसतो. शंभर वर्षांनी का होईना, मारल्या गेलेल्याला बाप मिळाला. बापाला तोंड मिळाले. कर्ज फेडणे म्हणतात ते हेच.

पूर्ण फिटले असे मात्र नाही. अखेर काँगोची सुटका करणारा गोरा माणूसच आहे. मूळ सांगाडा बदलला नाही, फक्त आत एक खिडकी काढली. काही वेळा खिडकी पुरत नाही, भिंतच पाडावी लागते. सॅक्स रोमर यांनी फू मांचू नावाचा चिनी खलनायक रंगवून एका अख्ख्या समाजाची भीती दोन पिढ्यांच्या मनात भरली. मार्व्हलच्या चित्रकथांतला शांग-ची 1973 साली जन्मला तो याच फू मांचूचा मुलगा म्हणून. 2021 साली त्याच्यावर चित्रपट काढताना तो बाप काढून टाकला आणि दुसरा बाप लिहिला. तोही गुन्हेगार, पण बायकोच्या मरणाने मोडलेला माणूस. ते नाव पुसले याचे मला वाईट वाटले नाही. मात्र पुसले हे सांगून पुसावे. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की डाग कधी नव्हताच.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पडद्यावर आपल्यासारख्या नावाचा माणूस मरायला किंवा बॉम्ब लावायला येतो तेव्हा मला राग येतो, आणि तो राग रास्त आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी घरी गेलो आणि अब्बांची ट्रंक उघडली. तीत इब्ने सफींची पुस्तके आहेत. 'जासूसी दुनिया' 1952 साली अलाहाबादेतून सुरू झाली, 'इमरान सीरिज' 1955 पासून. अश्लीलतेशिवाय उर्दूत पुस्तक खपत नाही असे म्हणणाऱ्यांना त्यांनी स्वच्छ रहस्यकथा लिहून उत्तर दिले. उर्दू वाचनाची गोडी मला अलिफ-बे शिकवणाऱ्या पुस्तकाने लावली नाही, कर्नल फरीदी, हमीद आणि इमरानने लावली.

त्याच पुस्तकांत इमरानचा अंगरक्षक जोसेफ आहे. आफ्रिकी, काळा, ताकदवान, दिवसाला ठरलेल्या बाटल्या रिचवणारा, जादूटोण्याला घाबरणारा. त्याच पुस्तकांत चिनी वंशाचा कावेबाज संग ही आहे. लहानपणी जोसेफवर मी पोट धरून हसलो होतो. म्हणजे बरोजचा जंगली माणूस आणि रोमरचा चिनी माणूस आमच्याही ट्रंकेत उर्दू बोलत बसले होते. जोसेफ इमानी आहे, इब्ने सफींचा त्याच्यावर जीव आहे, हे खरे. पण इमानी नोकर ही देखील मालकाने काढलेलीच तसबीर असते.

मग मी ट्रंक बंद करावी का? नाही. ज्याने मला वाचायला शिकवले त्याला मी टाकणार नाही. पण उद्या कोणी इमरानवर चित्रपटांची मालिका काढली आणि जोसेफला तसाच बाटली घेऊन उभा केला, तर मी गप्प बसलो तर हॉलिवुडला जाब विचारायचा हक्क मला उरणार नाही. इन्साफाचे माप शेजाऱ्यासाठी एक आणि घरासाठी दुसरे असू शकत नाही. साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. कथा वाचताना ते आपण विसरतो, कारण कथेत आपण नेहमी नायकाच्या बाजूला उभे असतो.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात इमरानची एक कथा वाचून दाखवली. मुले हसली, रंगली. मग मी त्यांना सांगितले की आता हीच रात्र जोसेफच्या तोंडून एका पानात लिहा. बहुतेकांनी पुन्हा इमरानचेच पराक्रम लिहिले. त्या मुलीने मात्र पाच-सहा ओळीच लिहिल्या होत्या. तिचा जोसेफ दारापाशी बसून आपल्या गावातल्या नदीचे नाव आठवत होता आणि ते त्याला आठवत नव्हते.

मी तिला दहापैकी किती गुण द्यावेत ते अजून ठरवलेले नाही. वही माझ्याकडेच आहे.