न दिसणाऱ्याची साक्ष

जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे असे म्हणण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो? आणि त्याविषयी दुसऱ्याला सांगताना त्याच्यावर कोणती जबाबदारी येते? धर्मचिंतनात हे प्रश्न जुनेच आहेत. कृष्णविवराने ते विज्ञानाच्या अंगणातही आणून ठेवले.

कृष्णविवर म्हणजे आकाशाला पडलेले भोक नव्हे. प्रचंड वस्तुमान फार थोड्या जागेत कोंडले गेले, की तेथून प्रकाशालाही सुटता येत नाही. सूर्याएवढे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबले, तर असे विवर होईल. फार मोठे तारे आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्याच भाराने कोसळतात, त्यांतून ही विवरे जन्मतात. आपल्या सूर्याच्या नशिबी ते नाही. तेवढा भार त्याच्यापाशी नाही.

ती असतात कोठे? शाहूवाडी तालुक्यात, आंबा-विशाळगडाच्या बाजूला, अजून थोडा अंधार शिल्लक आहे. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर आभाळ निरभ्र असेल, तर दक्षिणेला धनू राशीजवळ आकाशगंगेचा पट्टा दाट झालेला दिसतो. त्या दिशेला सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर आहे. २०२२ साली ओळखले गेलेले ‘गाया बीएच१’ त्याहून पुष्कळ जवळ, सुमारे १५६० प्रकाशवर्षांवर आहे. ठाऊक असलेल्या विवरांत आपल्याला सर्वांत जवळचे तेच.

मग ते आपल्याला गिळेल का? नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे विवर ठेवले, तरी पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहील. उजेड आणि ऊब जाईल, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही.

हे कळले कसे? साक्षीदारांकडून. धनू राशीतल्या विवराभोवती एक तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी अनेक वर्षे चिकाटीने अशा ताऱ्यांच्या वाटा टिपल्या. २०२० चे नोबेल पारितोषिक रॉजर पेनरोज यांच्याबरोबर त्यांना विभागून मिळाले. त्यांचा शब्द आपण मानतो, कारण दोन गटांनी स्वतंत्रपणे पाहिले आणि दोघांची साक्ष जुळली. ती कोणालाही पुन्हा तपासता येते.

तपासता न येणाऱ्या शब्दाची किंमत काय असते, हे सप्टेंबर २००८ मध्ये दिसले. जिनिव्हाजवळच्या महायंत्रात कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी नष्ट होईल, असे आपल्याकडच्या काही वाहिन्या दिवसदिवस सांगत होत्या. वास्तविक त्याहून अधिक ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आले आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे. एवढे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागला असता? मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने त्या भीतीपोटी जीव दिल्याची बातमी तेव्हा देशभर छापून आली. ती भोळी होती, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. तिने मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्या विश्वासाचा ज्यांनी धंदा केला, दोष त्यांचा आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण कोल्हापूरच्या मातीतले आहे. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि मे २०२५ मध्ये निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली. तिचे नावच ‘कृष्णविवर’ होते. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते. तरीही आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले, कारण परीक्षकांनी नाव नव्हे, कथा पाहावी. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या नावाचे वजन स्वतःहून बाजूला ठेवणे, ही माझ्या मते सत्याशी राखलेली सभ्यता आहे. नावावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय असलेल्या समाजात तर तिचे मोल अधिकच.

उद्या शाहूवाडीतल्या एखाद्या मुलीने विचारले, “सर, ते आपल्याला गिळेल का?” तर नुसते ‘नाही’ पुरणार नाही. ते किती दूर आहे, हे सांगावे. आपल्याला ते कसे कळले, हेही सांगावे. आणि त्याच्या अगदी आत काय आहे, हे आज कोणालाच ठाऊक नाही, हे सांगायलाही संकोचू नये. एवढे ऐकून ती निर्धास्त झोपेल आणि मोठी झाल्यावर आपले उत्तर स्वतः तपासूनही पाहील.