रहदारी आणि वैराग्य

इंग्रजीतील ‘ट्रॅफिक’ हा शब्द सोळाव्या शतकात प्रथम रूढ झाला तो मालाच्या देवघेवीच्या, व्यापाराच्या अर्थाने. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांची दाटी हा अर्थ त्याला पुष्कळ मागाहून प्राप्त झाला. आपल्या ‘रहदारी’चीही कथा फारशी निराळी नाही. मूळ फारसी राहदारी म्हणजे वाटेचे रक्षण आणि त्या रक्षणापोटी वाटसरूंकडून वसूल होणारा कर. आज अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर आपण जिला रहदारी म्हणतो तिच्यात मात्र माणसामाणसांतील देणेघेणे लोपून केवळ गती शिल्लक राहिली आहे. मग ज्याला संसाराच्या रहदारीतून निवृत्त व्हावयाचे, त्याने नेमके काय सोडावयाचे, ही धावपळ की ते देणेघेणे?

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मन बोरिवलीजवळच्या कान्हेरीकडे वळते. सोपारे आणि कल्याण या दोन गजबजलेल्या बाजारपेठांच्या दरम्यानच्या डोंगरात, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून कोरत गेलेली ही शंभराहून अधिक लेणी, सोन्यारुप्याला स्पर्शही न करण्याचे व्रत घेतलेल्या भिक्षूंची. परंतु तेथील ब्राह्मी लेखांत नावे आढळतात ती पुष्कळदा व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची. विहार गावापासून फार दूर नसावा आणि फार जवळही नसावा, हा बौद्ध परंपरेतील संकेत येथे अक्षरशः पाळलेला दिसतो. कोठडीत निजावयाचा दगडी ओटा, दाराशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके. आणि अशा एका टाक्याचा दाता कल्याणचा सोनार! कित्येकांनी ‘अक्षयनीवि’ ठेवली आहे, म्हणजे मुद्दलाला कधीही हात लावावयाचा नाही, त्याच्या व्याजातून वर्षाकाठी भिक्षूला चीवर मिळावे.

पुण्याच्या आशेने दिलेले दान हाही एक सौदाच नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल, आणि ती सहज झटकून टाकण्याजोगी नाही. तथापि यांतील कित्येक दात्यांनी ते पुण्य आपल्यापाशी न ठेवता मातापित्यांच्या आणि सर्व प्राणिमात्रांच्या हितासाठी वाहिले आहे, आणि जो नफा आपल्या खात्यावर जमाच करावयाचा नाही त्याला सौदा म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते. त्याहूनही मला मोलाचा वाटतो तो कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराचा लहानसा लेख. त्याने लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही. डोंगरावर एक वाट करून दिली. जकातीच्या नाक्यावर वाटसरूला अडवून वाटेचे मोल मागितले जाई. या लोहाराने ते मोल स्वतःच्या पदरचे भरले आणि पुढे त्या वाटेने कोण जाईल, भिक्षू की वाणी, याची अट घातली नाही. भिक्षूंनी धावपळ टाकली, देणेघेणे टाकले नाही, असे म्हणण्यास मला हा लेख पुरेसा आधार वाटतो.