हारीतीचा नैवेद्य

।। श्री गणेशाय नमः ।।



आपल्या मंदिराच्या बालवर्गात आठ वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "काका, राक्षसाला नेहमी मारूनच का टाकतात?" मी डॉक्टर माणूस, प्रवचनकार नव्हे. बळीराजाचे नाव घेऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर मला सापडले ते जपानी राक्षसांत.

तिकडे राक्षसाला 'ओनी' म्हणतात. लाल नाहीतर निळे अंग, डोक्यावर शिंगे, कमरेला वाघाचे कातडे, हातात लोखंडी सोटा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनचा सण येतो, तेव्हा घरातले बाबा ओनीचा मुखवटा लावतात आणि मुले 'ओनी बाहेर, भाग्य आत' असे ओरडत त्यांच्यावर भाजलेले सोयाबीन फेकतात. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. (पन्नाशीनंतर हे पोटाला जडच!) पण योशिनोच्या किंपुसेन्जी मंदिरात 'भाग्य आत, ओनीही आत' अशी आरोळी देतात. सगळ्यांनी हाकलले तर त्यांनी जायचे कुठे?

तोक्योच्या झोशिगाया भागात १६६४ साली बांधलेले किशिमोजिन देवीचे मंदिर आहे. मुलाबाळांची ही रक्षणकर्ती मूळची आपल्याकडची, राजगृहाची यक्षिणी हारीती. तिला पाचशे मुले. काही कथांत हजारही सांगतात. त्यांना पोसण्यासाठी ती गावातली लेकरे पळवून खाई. भगवान बुद्धांनी तिच्यावर शस्त्र उगारले नाही. तिचा सर्वांत धाकटा, लाडका प्रियंकर त्यांनी आपल्या भिक्षापात्राखाली लपवला. वेड्यासारखी शोधत ती शेवटी त्यांच्याच पायाशी आली. बुद्ध म्हणाले, "इतक्यांतले एक हरवले तर तुझी ही दशा. ज्यांचे एकुलते एक तू नेलेस, त्यांचे काय झाले असेल?"

मंडळी, हे पात्र माझ्यावरही एकदा पालथे पडले आहे. पुण्यात एमबीबीएस झाल्यापासून मी आजारी मुलांच्या आयांना एकच वाक्य सांगत आलो होतो, "रडून काही होणार नाही, आम्हाला काम करू द्या." २००५ साली माझी चार वर्षांची मुलगी मेंदूज्वराने अतिदक्षता विभागात होती. दुसऱ्या रात्री एका तरुण डॉक्टरने माझ्या पत्नीला तेच वाक्य ऐकवले, सूरही माझाच. तो बिचारा चुकला असे मी म्हणत नाही. मुलगी बरी झाली. पण त्या आधीच्या आयांचे चेहरे मला आजही आठवतात, आणि त्यांतल्या कित्येकींची नावेसुद्धा मी कधी विचारली नव्हती.

हारीतीची कथा पश्चात्तापाशी थांबत नाही, म्हणून मला ती फार आवडते. तिने विचारले, "आता माझी मुले खातील काय?" प्रश्न रास्त होता. बुद्धांनी वचन दिले की माझे शिष्य रोज तुम्हाला अन्न देतील. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे की विहारांत हारीतीची मूर्ती असे आणि तिच्यापुढे रोज नैवेद्य ठेवत. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ती आपल्या पतीशेजारी, पांचिकाशेजारी, बसली आहे. खाली गुरुजींपुढे मुलांची शाळा भरली आहे. पुढची पोरे अभ्यासात, मागची दंग्यात! पुढच्या भारतवारीत जरूर पाहा.

झोशिगायाला देवीच्या नावातले 'ओनी'चे अक्षर वरची छोटी रेघ गाळून लिहितात. ती रेघ म्हणजे शिंग.

गेल्या हिवाळ्यात एका आईने माझ्या अंगावर फाइल भिरकावली. नर्स सुरक्षारक्षकाला फोन करायला निघाली. मी तिला थांबवले आणि म्हणालो, "आधी यांना काहीतरी खायला आणा. कालपासून त्या इथेच आहेत."