उसनी वेळ

जर्मनीहून आणलेलं रेडिओ-घड्याळ लातूरच्या भिंतीवर चालतं, पण नुसतंच चालतं. रोज रात्री आपली चूक आपणच सुधारायची, हा त्याचा खरा गुण इथं वाया जातो. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झच्या दीर्घलहरींवर अणुघड्याळाची वेळ अखंड प्रसारित होते. दर सेकंदाला लहरीचा जोर किंचित काळ उतरतो: एक दशांश सेकंद उतरला तर शून्य, दोन दशांश उतरला तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला तो उतरतच नाही. नवं मिनिट आलं, हे घड्याळ त्यावरून ओळखतं. या शून्य-एकांतून तास, वार, तारीख सगळं पोचतं. पण लहर पुरते सुमारे 2,000 किलोमीटर. लातूर त्याच्या तिपटीहून लांब.

भारतात असं दीर्घलहरींचं केंद्र नाही. नांदेड-लातूरच्या घरांनी घड्याळं लावली ती आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ‘पिप-पिप’वर. म्हणजे रेडिओवर चालणारी घड्याळं आपल्याकडेही होतीच. संकेत ऐकून काटा फिरवायला माणूस लागायचा, इतकंच.

आणि ती वेळ तरी आपली कुठे? भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या 82.5 अंश रेखावृत्ताची. सूर्याच्या हिशेबानं नांदेड तिच्या सुमारे 21 मिनिटं मागे, लातूर सुमारे 24. तरी कुणाची तक्रार नाही, आणि नसावीच. वेळ खरी असण्यापेक्षा सगळ्यांची एक असणं मोलाचं.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला, हे आजही लोकांच्या तोंडी आहे. पण भूकंपाचा नेमका क्षण किल्लारीतल्या घड्याळावरून ठरत नाही. दूरदूरच्या भूकंपमापकांवर हादरे वेगवेगळ्या क्षणी पोचतात, आणि त्या फरकांवरून केंद्र व क्षण काढतात. भूकवचातून पहिली लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. एखाद्या ठिकाणचं घड्याळ सेकंदभर चुकलं, तर तिथला हिशेब तेवढ्या किलोमीटरांनी घसरतो. म्हणून सगळ्या घड्याळांची वेळ एक हवी.

आज मोबाइल वेळ देतो, हे खरं. पण टॉवर बंद पडला की तो रस्ताही बंद. उपग्रहाचा संकेत स्लॅबखाली नीट पोचत नाही. दीर्घलहरी घरात शिरतात. माइनफ्लिंगेनच्या ताकदीचं एक केंद्र नागपूरला उभारलं, तर जवळजवळ सगळा देश त्याच्या टप्प्यात येतो. ते उभारायला हवं.