पेशीतील हमाल आणि आपली साक्ष



सूरह अज़-ज़ारियातच्या एकविसाव्या आयतीत अल्लाहने माणसाचे लक्ष त्याच्या स्वतःच्याच अस्तित्वाकडे वेधले आहे. त्या आयतीच्या जोडीने हल्ली मोबाईलवर एक चित्रफीत फिरते. दोन पायांचा एक रेणू दोरीवरून डौलात चालत भलेमोठे गाठोडे ओढतो, आणि खाली लिहिलेले असते, 'शरीरात टिपलेले दृश्य.'

ते टिपलेले नाही. संगणकावर रेखाटलेले आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये वार्तेची शहानिशा करण्याचा आदेश आहे. अल्लाहच्या निशाणीविषयीच्या वार्तेला तो लागू नाही काय?

सत्य मात्र कमी विलक्षण नाही. किनेसिन नावाचे हे प्रथिन 1985 साली सापडले. त्याचे एक पाऊल 8 नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या आठपट. प्रत्येक पावलास एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. चाल डौलदार नसते. पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात.

मग हे मोजले कसे? सूक्ष्म मणी लेसरच्या किरणात धरतात आणि प्रथिनाला तो ओढू देतात. मणी मध्यापासून किती सरकला, त्यावरून जोर कळतो. या प्रकाश-चिमट्यासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना 2018 चे नोबेल मिळाले. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक व सहकाऱ्यांनी याच साधनाने डायनीन या दुसऱ्या हमालाचा अभ्यास केला. किनेसिन सहसा माल पेशीच्या कडेकडे नेतो, डायनीन केंद्राकडे. डायनीन एकटा दुबळा. परंतु भार वाढला की पावले आखूड करतो, जसा बोरघाट चढताना ट्रकचालक गिअर उतरवतो. मागचे पुढच्यांना गाठतात आणि भार वाटला जातो. बलवान किनेसिनला ही जूट तितकीशी साधत नाही, असे त्यांनी 2013 साली दाखवले. (जमाअतची सफ आठवली, हे कबूल करतो.)

पण 'हे सर्व कुरआनात आधीच लिहिले आहे' असे मुलांना सांगू नका. दिव्य कुरआन मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. प्रयोगशाळेतील मोजमापे सुधारत जातात. उद्या एखादा आकडा बदलला, तर त्या आकड्यावर उभे केलेले लेकराचे ईमान कोण सावरणार? नवलाख उंबऱ्यातील एखादी मुलगी अकरावीला जीवशास्त्र घेऊ म्हणत असेल, तर तिला घेऊ द्या. प्रकाश-चिमट्यासमोर बसून ती जे मोजेल, त्याची साक्ष ती स्वतः देईल.