धरण भरलेलं, नळ कोरडा

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: धरणात पाणी असणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असतो, तिथून सुमारे ५० किलोमीटर जलवाहिनी शहरात येते, तरी आपल्या वसाहतीची पाळी येईपर्यंत टाक्या कोरड्याच. पाणी आहे, व्हॉल्व्ह सुटलेला नाही.

नैराश्याची गोष्ट निघाली की हे शहाणपण आपण विसरतो. ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे नुसतं धरण पाहतो.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. तरी मेंदूची पेशी मेंदूचं काम करते आणि यकृताची यकृताचं. कारण दोघींत वेगवेगळी जनुकं वाचली जातात. जनुकाची आरएनए ही नक्कल निघते आणि बहुधा तिच्यावरून प्रथिन तयार होतं. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीला मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट चिकटला, की वाचन सहसा मंदावतं. जनुकाचं एक अक्षरही बदलत नाही. फक्त व्हॉल्व्ह आवळला जातो.

आवळतं कोण? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने २००४मध्ये उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पिल्लांना आईने कमी चाटलं, त्यांच्या मेंदूत ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या एका जनुकावर मिथाइल जास्त होतं. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांचा ताण लवकर उतरेना. पण अशा कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मताच मायाळू आईकडे दिली, तर मिथाइलची ही खूण बदलली. धरण जन्मदातीचं, व्हॉल्व्ह सांभाळणारीच्या हाती.

माणसाचं गणित अर्थातच याहून गुंतागुंतीचं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के निघतो आणि तोही एका जनुकाचा नाही, थोडा थोडा अनेकांचा. शिवाय जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. संशोधक रक्तातल्या खुणांवरून अंदाज बांधतात. म्हणून नैराश्याचं निदान रक्ताच्या चाचणीवर होत नाही. डॉक्टरांना समोर बसून ऐकावंच लागतं.

मग आवळलेला व्हॉल्व्ह सुटतो का? २००६मध्ये अमेरिकेत एरिक नेस्लर यांच्या गटाने दांडग्या उंदरांकडून वारंवार मार खाल्लेले उंदीर तपासले. पेशींना जगवणाऱ्या बीडीएनएफ या जनुकाचं वाचन त्यांच्या मेंदूत घटलं होतं. काही आठवडे इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर ते पूर्ववत झालं. मौज अशी, की मारहाणीने उमटलेली अडवणुकीची खूण पुसली गेली नाही. औषधाने तिच्या शेजारून वाट मोकळी केली.

घाटी रुग्णालयात किंवा दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गोळ्या सुरू केलेला माणूस आठव्या दिवशी म्हणतो, ‘काही फरक नाही,’ आणि गोळ्या सोडतो. औषध मेंदूत काही तासांतच पोहोचतं. मन हलकं व्हायला मात्र बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. वाचन पालटायला लागणारा वेळ हे त्याचं एक कारण असावं.

व्हॉल्व्ह सुटल्यावर नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येतं. तेव्हा इथलं कुणी तोटी बंद करून निघून जात नाही. हंडा सरळ करून उभं राहतं.