दयेला माप असते काय?

गेली दोन वर्षे दर शनिवारी सकाळी आम्ही शहराबाहेरील प्राण्यांच्या निवाऱ्यात मांजरांच्या सेवेला जातो. वाळूचे ट्रे साफ करणे, पाणी बदलणे, पिंजरे पुसणे, रोग पसरू नये म्हणून दर पिंजऱ्यानंतर हात धुणे, असे ते साधेच काम. मंडळीतील एका वृद्ध भगिनीच्या हे कानी गेले. त्या म्हणाल्या, "मांजरांसाठी तुम्हांला वेळ आहे. माझ्या दारी मात्र तीन महिन्यांत तुमचे पाऊल पडले नाही."

हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. माणसे दुःखात असता जनावरांवर दया खर्च करावी काय, हा प्रश्न त्यात होता.

पुष्कळांना वाटते की, दया ही कणगीतल्या धान्यासारखी आहे. मांजराला पायलीभर घातली की माणसाच्या वाट्याची तेवढी घटली. इतिहास तसे सांगत नाही. 1824 साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली. तिच्यासाठी झटणारे आर्थर ब्रूम हे पाळक होते. संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगही पाहावा लागला. तिच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्सही होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ज्यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली, तेच हे. गुलामाच्या बेड्या ज्या अंतःकरणाला टोचल्या, त्याला मुक्या जनावराच्या पाठीवरचे वळही टोचले.

आपल्या पवित्र शास्त्राच्या 66 पुस्तकांत पाळीव मांजराचा उल्लेख नाही. पण चिमण्यांचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, तर लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी वर टाकलेली, फुकटची! तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. मात्र त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की, माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहे. तेव्हा त्या भगिनीची तक्रार आम्हांला टाळता येईना.

निवाऱ्यातही अशी पाचवी चिमणी असते. पिल्लांना लोक लगेच घरी नेतात. थोराड काळा बोका मागे राहतो. मांजर आडवे गेले म्हणून माघारी फिरणारे आपल्या मंडळ्यांतही आहेतच! असा एक बोका कोपऱ्यात दडून बसे. अशाला ओढून काढू नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. जवळ बसावे, डोळे सावकाश मिटावे, उघडावे आणि वाट पाहावी. पाच शनिवार आम्ही तसे बसलो. सहाव्या शनिवारी तो आपण होऊन जवळ आला.

मग आम्हांला आमचे पाप दिसले. मांजर गाऱ्हाणे सांगत नाही, गेल्या खेपेस का आला नाहीत असे विचारीत नाही. म्हणून तिकडे जाणे सोपे. आमची दया आटली नव्हती. सोयीच्या दाराशी ती थांबली होती.

त्या बुधवारी आम्ही भगिनीकडे गेलो. एरवी आम्ही वचन वाचतो, बोध करतो, घड्याळ पाहतो आणि उठतो. या वेळी नुसते जवळ बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्या आपण होऊन बोलू लागल्या. हे बसणे आम्ही त्या बोक्यापाशी शिकलो होतो.

शनिवार आम्ही सोडलेला नाही. त्याला बुधवार जोडला आहे. प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीत पाचवी चिमणी कोण, हे प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक पाहावे.